खर्जातली आई

तिने फक्त खांद्यावर हात ठेवला होता. रोजचाच हात, कामावरून आल्यावर पर्स खुंटीला अडकवून, चपला कोपऱ्यात सारून, सहज ठेवावा तसा. आणि ठकू किंचाळली. टेबलाशी पाठमोरी बसून ती घोडा रंगवत होती. घोड्याच्या पोटातून तांबडी रेघ निघाली ती कागद सोडून टेबलावर, टेबल सोडून खुर्चीच्या हातावर गेली. मुलीने वळून पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत आई नव्हती. क्षणभरच. मग ओळख खालून वर आली, खोल पाण्यात सोडलेली बादली हिंदकळत वर यावी तशी, आणि ठकू ओरडली, "अशी काय गं येतेस! भुतासारखी!" तिने तर दारातूनच हाक मारली होती. मग खोलीत येऊन मारली. मग अगदी पाठीशी वाकून, केसांचा वास येईल इतक्या जवळून. स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "अगं, समोरून जात जा तिच्या." तो काही चुकीचं बोलला नव्हता. पण ती तशीच उभी राहिली, हात हवेत. आपल्या लेकीच्या जगात माणसं चालत येत नाहीत, हे तिला त्या क्षणी कळलं. पावलं नाहीत, जिना नाही, कडी नाही, किल्लीचा खुळखुळाट नाही. माणूस नसतो, नसतो, नसतो, आणि एकदम असतो. नऊ वर्षांचं पोर दिवसभर भुतांच्या घरात राहतं, आणि त्यातलं एक भूत आपण.

तापाने ठकूचे कान अधू झाले, त्या दिवसांत डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. त्यांच्या टेबलावर काचेखाली कानाचं चित्र होतं, गोगलगाय कापून ठेवावी तसं. वरचे सूर आधी जातील, ते म्हणाले होते, चिमण्या, चमचे, शिट्ट्या. मग मधले, म्हणजे माणसं. खालचे मात्र बरीच वर्षं राहतील. "आणि आई? आई यात कुठे येते?" तिने विचारलं होतं. डॉक्टरांना ती थट्टा वाटली, ते कसनुसं हसले. तिचा आवाज बारीक होता, वर चढणारा, सुईत ओवता येईल असा. त्याच आवाजावर तिला बस डेपोत नोकरी लागली होती. काचेच्या खोलीत माइकपुढे बसून ती दिवसभर गाड्यांच्या वेळा आणि फलाट सांगे. धावणारी माणसं तिच्या आवाजाने थांबत, थांबलेली धावू लागत. एकदा फलाटावरची म्हातारी काचेवर टकटक करून म्हणाली होती, "बाई, तू बोललीस की उशीर झाला तरी राग येत नाही गं." त्या आवाजाला अख्खा डेपो वळत होता. घरात मात्र तो ठकूच्या पाठीवर पडून निसटून जाई, तेलकट ताटावरून पाणी जावं तसा. ऐकायची यंत्रं आणून दिली होती. ती कानात नुसती खरखरतात म्हणून ठकूने ती कंपासपेटीत ठेवून दिली होती, खोडरबराशेजारी.

मग एका दुपारी गल्लीतून कुणाची तरी गाडी गेली. अशी की भिंतीवरचं घड्याळ हललं, खालच्या मजल्यावरच्या काकांनी खिडकी उघडून सात पिढ्यांचा उद्धार केला. नवरा म्हणाला, "गाडी आहे का रेडा!" आणि ठकूने चित्रातून मान वर केली. हात पोटावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आईने किती महिन्यांत पाहिलं नव्हतं. "कुणीतरी येतंय," ठकू म्हणाली. गाडी वळणापलीकडे गेली तरी ती पोटावर हात धरून बसली होती, आतलं काहीतरी सांडू नये तशी. "गेलं," ती मग म्हणाली. कुणी येताना कळणं आणि जाताना कळणं. एवढंच तर हवं होतं.

सायलेन्सरवाल्याचं गॅरेज टायरच्या दुकानामागे होतं. पत्र्याच्या भिंतीवर जुन्या नळ्या टांगलेल्या, गंजलेल्या, वाकलेल्या, कुठल्यातरी मोठ्या जनावराची आतडी वाळत घातल्यासारख्या. तो जाडगेला माणूस खड्ड्यातून अर्धा वर आला, कानांत कापसाचे बोळे, गालावर काजळी. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या शांत पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं. "आवाज वाढवायचा? बाई, माझ्याकडे पोरं येतात. स्वतःला मिशी फुटायच्या आधी गाडीला कंठ फुटावा म्हणून. तुम्हाला काय हौस?" ती म्हणाली, "मुलीला ऐकू यावी म्हणून." त्याने कानातले बोळे काढले आणि खिशात ठेवले. चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, मोठा आवाज करणं म्हणजे काही नाही, मागचा डबा काढून टाकला की कुठलीही गाडी बोंबलते. पण बोंबलणं कानावर आपटतं आणि फुटतं. पोटात शिरायचं तर सूर खालचा हवा, खर्ज हवा. त्याला नळी लांब लागते, रुंद लागते. आपण तरुणपणी बँडमध्ये सगळ्यात मोठा कर्णा वाजवत होतो, असंही तो म्हणाला, ते खरं होतं की गिऱ्हाईक खूश करायला, कोण जाणे. "कुठल्या सुरावर थांबू ते तुम्ही सांगा. तुम्ही काहीतरी गुणगुणा. मी त्याच्या खाली, पार तळाला, तोच सूर शोधतो."

तिला हसू आलं. पण ठकू गाडीच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवून वाट पाहत उभी होती. मग आई पुढे जाऊन गाडीत बसली, काच खाली केली आणि गुणगुणू लागली. तिची आई दळताकांडताना जोडायची तशी चाल होती, शब्द तिने स्वतः जोडले होते, ठकू तान्ही असताना.

*ये गं झोपे, हळू ये गं, पायी बांधून मऊ धुकं,*
*माझ्या लेकीच्या पापणीवर ठेव तुझं अर्धं सुख.*

सायलेन्सरवाला डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने डबा काढला, नळी कापली, जोडली, "द्या रेस" म्हणाला. ठकूने मान हलवली, नाही. त्याने पुन्हा नळी बदलली. ठिणग्या उडाल्या, लोखंड जळल्याचा वास तिच्या जिभेपर्यंत आला. पुन्हा नाही. "सासू बरी हिच्यापेक्षा," तो पुटपुटला आणि पुन्हा खड्ड्यात उतरला. मग कधीतरी तिने पाय दाबला आणि आवाज आला तो मागून आला नाही, खालून आला. आसनातून, मांड्यांतून, बरगड्यांतून. आरशात तिला ठकू दिसत होती. ठकूचे डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. "आई," ठकू म्हणाली. "घ्या," सायलेन्सरवाला ओरडला, "पोरीनं बारसंही केलं! पोलिसांनी धरलं तर माझं नाव सांगू नका म्हणजे झालं." तिघंही हसली. हसताना तिच्या गळ्यात काहीतरी किंचित ओढल्यासारखं झालं, कापडातून एक धागा निघावा तसं. दुखलं नाही. धागा कुठवर ओढला जातोय याची तिने तेव्हा फिकीर केली नाही.

ते पहिले दिवस किती गोड होते. गाडी वळणावर आली की वर खिडकीत ठकूचा चेहरा. ती जिना चढेपर्यंत दार उघडं, पाण्याचं भांडं भरलेलं. "मला केव्हाच कळलं. तू चौकात होतीस तेव्हाच. पोटात आलीस." भूत गेलं होतं. काका जिन्यात भेटले की म्हणत, "वहिनी, रणगाडा आला का?" नवरा म्हणे, "काका, तुमची झोप गेली, आमची पोरगी आली, हिशोब झाला." तिला वाटे, आपण लेकीच्या घराला परत एक दार लावलं. दिवसभर काचेच्या खोलीत बसूनही तिला संध्याकाळची ओढ लागे, किल्ली फिरवायची, पाय दाबायचा, आणि पोटात, आपल्याच पोटात, तो सूर उमटताना अनुभवायचा. ठकू जिथे नऊ महिने होती तिथेच. त्या वेळी पोर आतून लाथा मारी आणि ती बाहेरून तेच गाणं म्हणे. आत कसं ऐकू जात असेल, तिला तेव्हा वाटायचं. असंच जात असणार. शब्द नाहीत, अर्थ नाही, नुसती भिंतीतून येणारी कंपनं.

डेपोतल्या नियंत्रकाला सगळे शिट्टी म्हणत, कारण तो बोलण्याआधी दातांतून हवा सोडे. तो एकदा काचेचं दार उघडून आत आला. "बाई, माइक बिघडलाय का? मागे ऐकू येत नाही." माइक बदलला. पुन्हा तेच. मग त्याने तिला थेट बोलायला सांगितलं, त्याच्याकडे पाहून. ती बोलली. शिट्टीने हवा सोडली, गरम पाण्याच्या गुळण्या करा म्हणाला आणि गेला. तिने गुळण्या केल्या. आवाज बसला नव्हता, घोगराही नव्हता. तो पातळ होत होता. वापरून वापरून चादरीचा मधला भाग होतो तसा, उजेडाकडे धरली तर पलीकडचा हात दिसेल असा. तिने आरशासमोर तोंड उघडून पाहिलं. लाल, ओलं, निरोगी. आत सगळं जागच्या जागी होतं. फलाटावरची माणसं मात्र आता तिच्या बोलण्यावर थांबत नव्हती, धावत नव्हती. एकमेकांना विचारत होती. काचेमागे ओठ हलवणारी बाई त्यांना दिसत होती, मत्स्यालयातला मासा दिसावा तशी, आणि ती पाहून पुढे जात होती.

गाडी आणि आपला आवाज, हे दोन्ही तिने जोडलं नव्हतं. जोडण्यासारखं त्यात काय होतं? पण एका संध्याकाळी गाडी खाली सुरूच ठेवून ती पिशवी घ्यायला वर गेली, आणि परत आली तर ठकू गाडीच्या मागे उकिडवी बसलेली. तळवे बंपरवर, गाल बंपरला टेकलेला, केस नळीच्या वाफेत उडताहेत. ठकूचे ओठ हलत होते. ती काहीतरी सांगत होती, भराभर, जीव ओतून. वर्गातल्या कुणीतरी आपली वही लपवली, बाईंनी आपल्याला मागे बसवलं, आपल्याला रडू आलं पण आपण रडलो नाही. मध्येच थांबत होती, ऐकत होती, मान डोलावत होती. ह्यातलं एक अक्षर ती घरी बोलली नव्हती. आईने तिला दंडाला धरून ओढलं. "धूर जातोय नाकात! काय करतेस? कुणाशी बोलतेस?" ठकूने तिच्या ओठांकडे पाहून शब्द टिपले आणि तिला खरंच नवल वाटलं. "तुझ्याशीच," ती म्हणाली.

"मी तर वर होते."

"वर पण होतीस," ठकू म्हणाली. समजूत घालावी तशी. "पण इकडे तू नीट उत्तर देतेस."

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने घास थांबवला, मग हसला. "पोरं भिंतीशी बोलतात, बाहुल्यांशी बोलतात. मी लहानपणी पंपाशी बोलायचो." मग तो म्हणाला, "मोठ्याने बोल ना जरा." ती मोठ्यानेच बोलत होती. त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं, जसं ठकू पाही तसं, आणि त्यालाही ते जाणवलं असावं, कारण त्याने पटकन ताटात पाहिलं. ठकू शांतपणे जेवत होती. आईने तिच्या पानात वाढलं तेव्हा तिने हात आडवा केला आणि मान झुकवून "पुरे" म्हणाली, किती छान, किती अदबीने. परक्याच्या घरी मुली म्हणतात तसं.

दुसऱ्या सकाळी तिने गाडी टायरच्या दुकानामागे नेऊन सोडली. "जुना डबा बसवा. होता तसा करा." सायलेन्सरवाल्याने कान पुढे केला, तिला पुन्हा सांगावं लागलं. "पोरीला आवडला नाही?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "फार आवडला." त्याने किल्ली घेतली. "संध्याकाळी मीच आणून देतो घरी," तो म्हणाला, "तुम्ही नका येऊ इतक्या लांब. तब्येत बरी दिसत नाही तुमची." ती डेपोत गेली. दिवसभर मुकी माणसं इकडून तिकडे जावीत तसा डेपो चालला. परतताना ती बसने आली आणि थांब्यापासून चालत. चालताना आपली पावलं ऐकत होती. ऐकू येत होती, त्याचंच तिला बरं वाटलं. ती मनात ठरवत होती, आता रोज समोरून जायचं. दिवा लावायचा आणि विझवायचा, म्हणजे पोरीला कळेल. फरशीवर टाच आपटायची. बोटांनी बोलायला शिकायचं, आपण दोघींनी, अगदी बाराखडीपासून. हे आधीच करायला हवं होतं, पण आशा किती चिवट असते, ती माणसाला दुसरं काही शिकूच देत नाही.

घरी नवरा अजून आला नव्हता. ठकू खिडकीत होती, गुडघे स्टुलावर, कपाळ काचेला. आईने दिव्याचं बटण खालीवर केलं. ठकू वळली. घाबरली नाही. तिच्याकडे पाहून हसली, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. आई जवळ गेली, समोर गेली, खिडकी आणि मुलगी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मी आले," ती ओठ मोठे करून म्हणाली. "हो," ठकू म्हणाली. आणि तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत, "आई अजून यायचीय."

"मीच आई."

ठकूने तिचे ओठ वाचले. तिला आईला दुखवायचं नव्हतं. "तू पण आहेस," ती म्हणाली आणि तिच्या हातावर थोपटलं.

ती तिथेच खाली बसली, भिंतीला पाठ लावून. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडू गळ्यापाशी आलं आणि तिथे काहीच नव्हतं त्याला धरायला, ते परत खाली गेलं, छातीत, छातीखाली, आणखी खाली. तिने डोळे मिटले. आत कुठेतरी ते पोचलं आणि तळाला लागलं. आणि मग पाठीमागची भिंत थरथरू लागली. किंवा पाठ. खिडकीच्या काचेने एक बारीक कुरकुर केली. तिने डोळे उघडले तर ठकू पोटावर हात धरून उभी होती, चेहरा फुललेला. "आली!" ठकू ओरडली. आणि दाराकडे धावली. आई तिथेच बसून राहिली. रस्त्यावर आवाज नव्हता. तिने कान देऊन ऐकलं, तिचे कान तर चांगले होते. रस्ता शांत होता. आवाज रस्त्यावर नव्हताच. तिने हात छातीवर ठेवला, बरगड्यांवर, आणि तळव्याला ओळखीची घरघर लागली. आसनातून, मांड्यांतून येणारी. कुणीतरी तिच्या आत सावकाश पाय दाबत होतं.

मग ठकूची पावलं जिन्यावर वाजली आणि ती भानावर आली. ठकू खाली चालली होती. आई खालून येते, रस्त्याने येते, म्हणून रस्त्यावर. ती उठली, धावली, कठड्याला आपटत जिना उतरली. रस्ता संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात रिकामा पडला होता आणि त्याच्या मधोमध ठकू उभी होती, हात पसरून, चेहरा घराच्या दाराकडेही नाही आणि वळणाकडेही नाही, कुठे पाहावं हे न कळून गोल गोल फिरणारी. आवाज तिला सगळीकडून येत असावा. आणि तिच्या पाठीमागे, वळणावरून, गाडी आली. पांढरी, त्यांचीच. जुना डबा बसवलेली. ती इतकी शांत आली की तिच्या येण्याचा फक्त उजेड होता, काचेवर चमकलेलं ऊन, आणि काचेमागे सायलेन्सरवाला, डोळ्यांत तेच ऊन गेल्यामुळे हात कपाळावर धरलेला. त्याला पोरगी दिसत नव्हती. पोरीला गाडी ऐकू येत नव्हती.

तिने हाक मारली. ठकू. नाव ओठांवर आलं, हवेत गेलं आणि तिथेच विरलं. स्वतःलाही ऐकू आलं नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं. या वेळी तिने गळ्यात काही शोधलं नाही. पाय रस्त्यावर रोवले, पोट मोकळं सोडलं, आणि खाली जिथे ते साठलं होतं तिथूनच सगळं सोडून दिलं. तो आवाज बाईचा नव्हता. काकांची खिडकी थडाडली. वीजतारांवरचे पक्षी एकदम उठले. पायांखालचं डांबर गुरगुरलं. ठकू फिरायची थांबली. तिने आईकडे पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांत ओळख आली, एकदम, पूर्ण, काठोकाठ, आणि ती धावली, रस्ता सोडून, सरळ आईकडे, तिच्या पोटावर येऊन आदळली. मागे ब्रेक करकचून लागला. गाडी जिथे ठकू उभी होती त्या जागेवर येऊन थांबली.

सायलेन्सरवाला दार उघडून बाहेर पडला. त्याने गाडीकडे पाहिलं, वाकून मागच्या नळीकडे पाहिलं, आत हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. मग उभं राहून तो ऐकू लागला, डोळे मिटून, गॅरेजमध्ये ऐकत होता तसा. "बाई," तो हळूच म्हणाला, "मी तर बंद केली."

ठकूने दोन्ही हातांनी आईच्या कमरेला मिठी घातली होती, गाल पोटात रुतवलेला. ती तिला सगळं सांगू लागली होती, दिवसभराचं, भराभर, जीव ओतून. आईने तिच्या केसांवर हात ठेवला. तिला म्हणायचं होतं, हो गं राणी, ऐकते मी. तिने ओठ मिटून पाहिले. आवाज थांबला नाही. ठकूने मान डोलावली, जणू नीट उत्तर मिळालं, आणि पुढचं सांगू लागली.